९ लाख ३३ हजार आणि ईटीपीचं वीजबिल

प्रश्न असा आला: "काका, बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीचा नफा गेल्या वर्षी पहिल्यांदाच ५ कोटींच्या वर गेला. सीए म्हणतात, सीएसआर (नफ्यातला ठरलेला हिस्सा समाजाच्या कामावर खर्च करायचा नियम) लागू झाला, मार्चअखेर पैसे खर्च करा. ईटीपीत, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटमध्ये, हवा सोडणारा नवा ब्लोअर बसवतोय, तो खर्च यात दाखवता येईल का? बाबा म्हणतात, जवळच्या गावातल्या शाळेला काहीतरी देऊन टाकू. किती द्यायचे, कुठे द्यायचे आणि आम्हाला कुठे अडचण येईल?"

ब्लोअरचं आधी सांगतो, म्हणजे तू ऑर्डरवर सीएसआरचा शिक्का मारायच्या आत थांबशील. तो खर्च यात येत नाही. दुसऱ्या कुठल्याही कायद्याने तुझ्यावर घातलेलं काम सीएसआर म्हणून दाखवता येत नाही, असं नियमातच लिहिलंय. सांडपाणी साफ करून सोडणं हे १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने तुझ्यावर घातलेलं काम आहे. घरभाडं भरलं म्हणून ते दानधर्मात धरत नाहीत ना, तसंच हे.

तुझे बाबा आणि मी बडोद्याच्या कलाभवन इंजिनिअरिंग कॉलेजातून एकाच वर्षी केमिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडलो. ते धंद्यात गेले, मी गटारात. माझी बायको तरी असंच सांगते. ३५ वर्षांतली पहिली पंचवीस मी कारखान्यांच्या सांडपाण्यात काढली आणि नंतरची दहा त्याच कारखान्यांचे सीएसआरचे पैसे वाटण्यात. त्यामुळे तुझ्या प्रश्नातले ब्लोअर आणि शाळा हे दोन तुकडे मला वेगळे वाटत नाहीत. ते का, ते पुढे येईल.

आधी आकडा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातला एक जरी आकडा मागच्या आर्थिक वर्षात गाठला तरी कंपनी यात येते. खर्च करायचे ते मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. इथे नफा धरायचा तो कलम १९८ च्या हिशेबाने, म्हणजे आयकर वजा व्हायच्या आधीचा. तू पाठवलेले आकडे ३.१, ४.७ आणि ६.२ कोटी. बेरीज १४ कोटी, सरासरी ४ कोटी ६६ लाख ६७ हजार, त्याचे २ टक्के म्हणजे ९ लाख ३३ हजार. रक्कम ५० लाखांच्या आत आहे, म्हणून वेगळी सीएसआर समिती नेमायची गरज नाही, संचालक मंडळच ठरवू शकतं. हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून आयकरात वजा मिळत नाही, हे बाबांना आत्ताच सांगून ठेव. मार्चमध्ये कळलं तर घरात वाद होतील. पैसे खर्चलेच नाहीत आणि ठरलेल्या खात्यात भरलेही नाहीत, तर दंड राहिलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातला जो कमी असेल तो. शिवाय जबाबदार अधिकाऱ्याला वेगळा. हे झालं सीएचं काम. तो करेल.

आता ब्लोअर. तो ऑर्डर केलास ते चांगलंच केलंस, पण माझा प्रश्न वेगळा आहे: तो रात्री चालणार का?

ईटीपीत काय होतं ते तुला पाठ असेल. पाणी आधी एका टाकीत एकसारखं करून घेतात, चुना टाकून पीएच जागेवर आणतात, गाळ खाली बसवतात आणि मग एअरेशनच्या टाकीत जिवाणू उरलेलं सेंद्रिय खातात. त्या जिवाणूंना हवा लागते, चोवीस तास. त्यांना शिफ्ट नाही, रविवार नाही. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळं बडोदं पतंग उडवायला अगाशीवर (गच्चीवर) असतं, कारखान्यात एक वॉचमन आणि एक ऑपरेटर, आणि ऑपरेटरचं लक्ष आभाळात. दोन दिवस हवा मिळाली नाही की टाकी मरते. ती पुन्हा जिवंत व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस पाणी कुठे जातं ते विचारायला कोणी येत नाही.

मालकाच्या बाजूने हिशेब बघ. १५ किलोवॅटचा ब्लोअर दिवसरात्र चालला तर महिन्याला १०,८०० युनिट होतात. ८ रुपये युनिट धर, तर महिन्याचे ८६ हजारांवर जातात आणि वर्षाचे १० लाख ३६ हजार. म्हणजे तुझ्या सीएसआरच्या अख्ख्या रकमेहून जास्त. रात्रीचे बारा तास तो बंद ठेवला तर पाच लाख वाचले. त्या पाच लाखांतल्या दीड लाखाचा वॉटर कूलर शाळेला दिला, वर कंपनीच्या नावाची पाटी लावली, तर याला आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात. मी हे बघितलंय. एका कारखान्यात (नाव सांगत नाही, तो आता बंदही झालाय) मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. गेटवर माझी सही होईपर्यंत आत ब्लोअर सुरू झाला. टाकीजवळ गेलो तर तळातला गाळ काळाभोर होऊन उसळत होता आणि सडक्या अंड्यांचा वास. नीट चाललेल्या टाकीतला गाळ तपकिरी असतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. एकदा हे दोन वास ओळखू यायला लागले की लॅबचा रिपोर्ट नंतर बघितला तरी चालतो.

तू मालक आहेस, तुला गेटवर सही करावी लागत नाही, तरी तुझ्यासमोर तुझीच माणसं नाटक करतील. म्हणून तीन कागद स्वतः बघ. ईटीपीच्या वेगळ्या मीटरचं रीडिंग, चुन्याच्या खरेदीची बिलं आणि गाळ टीएसडीएफला, म्हणजे घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राला, पाठवल्याची मॅनिफेस्ट (पाठवणीचे कागद). यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. घाण पाण्यातून काढली तर ती कुठेतरी गोळा झालीच पाहिजे. तुम्ही डाय इंटरमीजिएट (रंग बनवायला लागणारी रसायनं) बनवता, तुमच्या पाण्यात एवढा ऐवज असतो की फिल्टर प्रेसमधून रोज दाबलेल्या गाळाचा केक निघायला हवा. पाण्याचे रिपोर्ट सुंदर, सीओडी (पाण्यातली घाण मोजायचं एक माप) २५० च्या आत, आणि गाळाची गाडी सहा महिन्यांत एकदाच गेलेली असली, तर समजायचं की रिपोर्ट लॅबला दिलेल्या बाटलीचा आहे, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नळाचा नव्हे.

एवढं खोलात का शिरतोय? कारण त्या पाण्याची वाट आपल्याला माहीत आहे. नंदेसरीचं पाणी सामायिक प्लांटमधून त्या लांबलचक कालव्यात जातं, ज्याला आपण सगळे अजून ईसीपीच (एफ्लुएंट चॅनल प्रोजेक्ट) म्हणतो. १९८३ मध्ये सुरू झालेला, साधारण ५५ किलोमीटरचा, धनोऱ्याजवळून निघून पादरा तालुक्यातून खाली जंबुसरकडे सारोदला महीच्या खाडीत उतरणारा. तो बांधला तेव्हा लोकांना वाटलं, प्रश्न सुटला, घाण समुद्राला गेली. पण पाणी आधी साफ करायला हवं, मग वाहून न्यायला हवं, हे ज्या दिवशी कोणी विसरतं त्या दिवशी कालवा नुसती वरात होतो. पादऱ्याच्या पट्ट्यातल्या काही गावांतल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्याच्या तक्रारी मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. आणि बडोद्याच्या भाजीबाजारात जे येतं, त्यातलं पुष्कळ त्याच पट्ट्यातून येतं. खंडेराव मार्केटमधून आई जी वांगी आणते, ती कुठली आहेत ते एकदा विचार.

तुमच्या धंद्याची तर एक जुनी जखम आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथे एच-ॲसिड (हेही एक डाय इंटरमीजिएटच) बनवणाऱ्या कारखान्यांचा गाळ उघड्यावर पडला, पावसात झिरपला आणि विहिरींचं पाणी नासलं. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने त्या खटल्यात सांगितलं की ज्याने घाण केली त्याने भरायचं, आणि त्यात नुकसान भरपाईबरोबर जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही आला. पुढे गुजरातमधल्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर २२ फेब्रुवारी २०१७ ला त्याच कोर्टाने आदेश दिला की चालू स्थितीतला ईटीपी नसेल तर कारखाना चालवायचा नाही. 'चालू स्थितीतला' हे शब्द बघ. ईटीपी होता सगळ्यांकडेच. चालत नव्हता.

आता शाळेकडे येतो, आणि इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

दहा-एक वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीचं सीएसआर बघत होतो, तिच्यातर्फे आम्ही पादऱ्याकडच्या एका प्राथमिक शाळेत आरओ प्लांट बसवला. फीत कापली, मुलांना पेढे वाटले, फोटो वार्षिक अहवालाच्या आतल्या पानावर छापून आला. दोन वर्षांनी दुसऱ्या कामाने त्या बाजूला गेलो म्हणून सहज डोकावलो. प्लांटवर जुनी चादर टाकलेली होती आणि त्यावर खेळांच्या ट्रॉफ्या मांडलेल्या. मुलं हातपंपावर. मुख्याध्यापक भला माणूस, तक्रार करेना. खूप विचारल्यावर म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हैस दिलीत. चाऱ्याचं कोणी बोललंच नाही." मेम्ब्रेन बदलायला पैसे नव्हते, वर्षाचा देखभाल करार संपलेला, वीजबिल शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातून जाणारं. शिवाय आरओतून निघालेलं खारट पाणी भिंतीला लागून सोडलेलं, तिथे पांढरा थर धरला होता आणि कडुनिंब वाळला होता. त्या प्रकल्पाच्या टिपणावर सही माझी होती, आणि त्यात देखभालीची एक ओळही नव्हती. बसवण्याचा खर्च बरोबर, पाटीचा खर्चसुद्धा बरोबर.

तर ब्लोअर आणि शाळा एकाच जागी येऊन थांबतात. वस्तू घेणं हा एकदाचा खर्च, त्याला फोटो मिळतो. ती रोज चालवणं हा कंटाळवाणा खर्च, त्याला फोटो नाही. कंपन्यांची ईटीपीत चूक होते ती इथे, आणि सीएसआरमध्येही इथेच. आपल्या शहराला आजव्याच्या तलावाचं पाणी १८९२ पासून मिळतंय. सयाजीरावांनी तो बांधला हे शाळेत शिकवतात. पण तेव्हापासून आजवर कोणीतरी त्याचा गाळ बघितला, गेटला वंगण घातलं, नळवाहिन्या बदलल्या, हे कोणी शिकवत नाही.

म्हणून माझं सांगणं: बाबा म्हणतात तशी शाळाच घ्या, फक्त काही बांधू नका. कायदाही म्हणतो की कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. कारखान्याच्या आसपासच्या तीन सरकारी प्राथमिक शाळा निवड. तिथे शौचालयं बहुतेक बांधलेली असतील आणि त्यांतली निम्मी कुलूपबंद. आधी जाऊन बघ, कुठल्या मुलींना दुपारी घरी पळावं लागतं. मग प्रत्येक शाळेला अर्धवेळ सफाई करणारी एक बाई किंवा माणूस, महिना ६ हजार. फिनेल, साबण, झाडू, सुटे भाग यांना महिना २ हजार. तिन्ही शाळांना मिळून एक प्लंबर आणि वायरमन बोलावल्यावर येणारा, वर्षाला ६० हजार. हिशेब कर: २ लाख १६ हजार, ७२ हजार आणि ६० हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ४८ हजार. तुझ्या ९ लाख ३३ हजारांत हे काम अडीच वर्षांहून जास्त चालतं, आणि पुढच्या वर्षी नवी रक्कम येतेच.

"पण मार्चअखेर खर्च करायचे ना?" तेवढ्यासाठीच कायद्यात चालू प्रकल्पाची सोय आहे. काम सुरू झालं ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षं प्रकल्प चालवता येतो. संचालक मंडळाने तसा ठराव करायचा, आणि ३१ मार्चला उरलेली रक्कम ३० एप्रिलच्या आत बँकेत 'अनस्पेंट सीएसआर' नावाच्या वेगळ्या खात्यात टाकायची. बहुतेक सीए हे सांगत नाहीत. त्यांचं काम एका चेकने संपावं असं त्यांना वाटतं, त्यात त्यांचा दोष नाही. चालू प्रकल्प म्हणजे दरवर्षी कागद.

पैसे कोणामार्फत द्यायचे? ज्या ट्रस्टला किंवा संस्थेला देशील, तिची सरकारकडे सीएसआर-१ची नोंदणी हवी (२०२१ पासून सक्तीची), आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. एवढं झालं की कागद बरोबर. माणूस बरोबर आहे का ते वेगळं बघावं लागतं. जानेवारी उजाडला की तुला फोन येतील. गोड आवाजात सांगतील, "चेक द्या, पावती घ्या, थोडे कापून बाकीचे रोख परत." बाबांच्या ओळखीतले दोन-तीन जण हेच करतात आणि ते बाबांना शहाणपण म्हणून सांगतील. हे करू नकोस. नीतीचं मी बोलत नाही, ते तुला घरी शिकवलंय. पण त्या ट्रस्टवर धाड पडली की त्यांच्या वहीत पहिल्या पानावर तुझं नाव निघेल.

उलट बाजूची चूकही सांगतो. चांगली संस्था मिळाली की कंपन्या तिला म्हणतात, "वस्तूंना पैसे देऊ, पगाराला देणार नाही, ५ टक्क्यांची मर्यादा आहे." ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कार्यालयीन खर्चाला आहे. शाळेत जाऊन प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. तो नाकारला तर उरते फक्त वस्तू, म्हणजे पुन्हा चादरीखालचा आरओ. आणि काही विकत घेतलंच तर ते तुझ्या कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. शाळेच्या, सरकारी यंत्रणेच्या, गावातल्या बचत गटाच्या किंवा नोंदणी असलेल्या संस्थेच्या नावावर करावं लागतं.

करारात शाळा व्यवस्थापन समितीला घे. शिक्षण हक्क कायद्याने ती प्रत्येक सरकारी शाळेत आहे, कागदावर तरी. तिच्या सभेत पैसे किती आले, बाईला पगार कधी मिळाला, हे मोठ्याने वाचून दाखवायला सांग. गावात एवढं पुरतं.

गावातल्या बोअरचं पाणी तपासून द्यायचा मोह होईल. चांगली गोष्ट, पण सावध. तपासणी मान्यताप्राप्त बाहेरच्या लॅबकडून, नमुने पंचायतीसमोर, निकाल गुजरातीत पंचायतीच्या फलकावर. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. आणि समज, पाणी खराब निघालं आणि त्याचा माग तुझ्याच नाल्यापर्यंत आला, तर ते निस्तरणं सीएसआर नव्हे. तो बिछडीचा खर्च. आधी स्वतःचं घर तपासून मगच या कामात पड.

झाडं? रोपाला वीस रुपये, आणि तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार त्याच्या कित्येक पट. पर्यावरणदिनाला लावलेली किती झाडं पुढच्या जूनला दिसतात ते तुलाही माहीत आहे. माणूस ठेवणार असशील तर लाव. तुझ्या कामगारांनी रविवारी खड्डे खणले त्या तासांचे पैसे सीएसआरमध्ये धरता येत नाहीत. त्यांना सुट्टीला घरी राहू दे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री चढली तेव्हा आमच्या गल्लीत तिसऱ्या दिवसापर्यंत कंपन्यांच्या नावाचे बिस्किटांचे पुडे एवढे आले की आम्ही ते पुढच्या गल्लीत पाठवले. पाणी ओसरल्यावर हवे होते फावडे, ब्लीचिंग पावडर आणि चिखल उचलणारा ट्रॅक्टर. तेव्हा कोणीच नव्हतं. मदत व चिखल यांचा फोटो एकत्र चांगला येत नसावा.

एक गोष्ट घाईत सांगून टाकतो. शेअर बाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि कामगारांविषयीचा सविस्तर अहवाल, बीआरएसआर, द्यावा लागतो. तुझा माल अशा कंपनीला जात असेल तर त्यांची प्रश्नावली तुझ्याकडे येईलच: पाणी किती, गाळ किती, कंत्राटी कामगारांना पीएफ आहे का. तेव्हा शाळेतल्या कूलरचा फोटो उपयोगाचा नाही. ईटीपीचं मीटर उपयोगाचं.

कंत्राटी कामगारांवरून आठवलं. ईटीपीची टाकी साफ करायला ज्याला उतरवता त्याच्या कमरेला दोर आणि टाकीतल्या गॅसची आधी तपासणी, एवढं आजच कर. गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि जास्त झाला की त्याचा वास येणंच बंद होतं. त्यात माणसं गेलेली मी बघितलीत, वाचवायला उतरलेला दुसराही गेलेला बघितलाय. यात सीएसआर कुठेच नाही, हिशेबात एक पैसा दिसणार नाही, तरी यादीत हे पहिलं.

बाबांना सांग, १४ जानेवारीला पतंगाला मी तुमच्याकडेच आहे. पण सकाळी नऊला आधी मला नंदेसरीला ने. ऑपरेटरला कळवू नकोस. ब्लोअर चालू असेल तर टाकीजवळ उभे राहून वास बघू आणि अकरापर्यंत अगाशीवर परत. गाळाच्या मॅनिफेस्टची फाईल गाडीत ठेव, वाटेत चाळतो.